दंडारीच्या डिस्कमधून घरच्या फिल्मसाठी क्लिप काढणे: वडशाकडच्या एका घराचे प्रकरण

गडचिरोली जिल्ह्यातला देसाईगंज तालुका, म्हणजे बोलीतला वडसा. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकांचे हे माहेरघर. दिवाळी झाली, धान घरात यायला लागले की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रेसारखा मेळा, भरतो. दिवसा दंडार, म्हणजे इकडचे नाच-गाण्याचे लोकनाट्य, रात्री नाटक. या भागातल्या एका धानकरी घरातले आजोबा तरुणपणापासून गावच्या दंडारीत स्त्रीपात्र करत आले. त्यांची पंचाहत्तरी आली तेव्हा जुन्या शूटिंगमधून दहा-बारा मिनिटांची फिल्म करून अंगणात पडद्यावर दाखवायची, असे घरात ठरले. संपादन नातू स्वतःच्या लॅपटॉपवर करणार होता.

आलमारीतून पाच डिस्क निघाल्या. २००४ सालच्या घरच्या लग्नाच्या दोन व्हीसीडी, २००९ च्या मंडईतल्या दंडारीची एक डीव्हीडी, पाहुण्याच्या हँडीकॅमवर २००८ मध्ये भरलेली आठ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी आणि बाजारात विकत घेतलेली एका झाडीपट्टी नाटकाची डिस्क. या पाचव्या डिस्कला हात लावायचा नाही हे सुरुवातीलाच ठरवणे योग्य होते. ती विकत घेतली म्हणून तिच्यातले नाटक घराच्या मालकीचे होत नाही. डिस्कला कुलूप असेल तर ते हक्क डावलण्यासाठी फोडणे हा कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीतल्या कलम ६५-अ नुसार गुन्हाही ठरतो. घरच्या शूटिंगचे तसे नाही. पैसे देऊन स्टुडिओवाल्याकडून करून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते करवून घेणाराच असतो. त्यावर चढवलेली सिनेमाची गाणी मात्र त्याची नव्हेत, हे पुढे कामाला येते.

पहिला प्रयत्न का फसला

घरच्यांनी आधी चारही डिस्क तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात दिल्या आणि पेनड्राइव्हवर एमपी-फोर करून आणल्या. घरी लावल्यावर माणसे आडवी पसरलेली दिसली. दंडारीत हात हलला की कडेला फणीचे दात उमटत होते. डीव्हीडीचा आवाज शेवटाकडे ओठांच्या मागे पडत गेला होता, त्याच डीव्हीडीची शेवटची दहा-बारा मिनिटे गायब होती आणि छोटी डिस्क "कोरी आहे" म्हणून परत आली होती.

या प्रत्येक दोषाचे कारण वेगळे आहे. माणसे पसरली कारण ४:३ चे चित्र १६:९ च्या चौकटीत ताणले गेले. फणीचे दात इंटरलेसिंगचे आहेत. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, डीव्हीडीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेममध्ये एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रे, म्हणजे फील्ड, असतात आणि ती वेगवेगळ्या क्षणांची असतात. ती न सोडवता चिकटवली की हलणारी प्रत्येक कड दातेरी होते. आवाज मागे पडला तो व्हीओबी, म्हणजे डीव्हीडीवर चित्रपट ज्यात असतो त्या, फाइली सुट्या-सुट्या रूपांतरित करून नंतर जोडल्यामुळे. डीव्हीडीवरचा चित्रपट सलग असतो, पण जवळपास १ जीबी भरले की फाइल मध्येच तुटते. ही तोड चित्रांच्या गटाच्या अधेमधे कुठेही पडते, त्यामुळे प्रत्येक सांध्याला काही फ्रेम वाया जातात आणि फरक साचत जातो. गायब मिनिटे डिस्कच्या खराबीमुळे गेली. कोरी म्हटलेली डिस्क कोरी नव्हतीच, ती फायनलाइज केलेली, म्हणजे भरून झाल्यावर सूची लिहून बंद केलेली, नव्हती.

दुकानातल्या फाइलवर फिल्टर मारून यातले काहीच धड सुधारत नाही. फणीचे दात दाबून एन्कोड झाले की दोन फील्ड पुन्हा नीट सुटे होत नाहीत. म्हणून काम परत डिस्कपासून सुरू करावे लागले. यापुढचा क्रम असा: आधी डिस्कचा जसाच्या तसा पूर्ण उतारा, मग क्लिपची निवड, आणि रूपांतर एकदाच. क्लिप हवी म्हणून थेट डिस्कवरूनच तुकडा कापून रूपांतर करायचा मोह सगळ्यांना होतो. खराब डिस्क प्रत्येक वाचनाला साथ देईलच असे नाही, त्यामुळे जे वाचन मिळते त्यात ती अख्खी उतरवावी.

डिस्क पाहणे आणि पुसणे

या डिस्क टिनाच्या छपराखाली पंधरा-वीस उन्हाळे राहिल्या होत्या. बाहेर ४५ अंश असताना टिनाखालच्या आलमारीत काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि उष्णता, ऊन, ओल या तिन्हींनी तो थर फिका पडतो. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. बाहेरच्या कडेला बोटे लागतात, ओल शिरते, म्हणून कार्यक्रमाचा शेवट आधी जातो. मंडईच्या डीव्हीडीचे नेमके तेच झाले होते.

सीडी आणि डीव्हीडीतला एक फरक लक्षात ठेवावा. सीडीत माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली, केवळ लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो. त्यामुळे व्हीसीडीला चकचकीत बाजूच्या चऱ्यापेक्षा लेबलच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे असतो. लग्नाच्या एका व्हीसीडीवर वर-वधूच्या नावांचा कागदी स्टिकर होता आणि त्याची कड सुटलेली होती. असा स्टिकर ओढून काढू नये. त्याच्यासोबत थर निघून येतो. सुटलेली कड तेवढी दाबून बसवली.

पुसायला साधे पाणी, त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब आणि मऊ सुती कापड एवढे पुरते. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचे, गोल फिरवून नाही. गोल चरा पडला तर तो माहितीच्या रेषेसोबत लांबवर जातो आणि दुरुस्तीची यंत्रणा हार खाते. आडवा चरा प्रत्येक फेरीत थोडीशीच माहिती खातो. टूथपेस्ट लावायचा सल्ला गावोगाव मिळतो, तो मानू नये. प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटलेली डिस्क खेचायची नाही, पाकीट कात्रीने कापून हळू सोडवायचे.

व्हीसीडी उतरवणे

व्हीसीडीत एमपीईजी-एव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डीएटी शेपटीची एक मोठी फाइल दिसते. चित्र ३५२ × २८८, एमपीईजी-१, सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट. आवाज एमपी-टू, २२४ किलोबिट, ४४.१ किलोहर्ट्झ. मिनिटाला १० एमबीच्या आसपास. ही फाइल विंडोजमध्ये ओढून कॉपी करता येते, पण डिस्क थोडी जरी खराब असली तरी मध्येच "चक्रीय त्रुटी" म्हणत कॉपी थांबते. व्हीसीडीत चित्र ज्या प्रकारच्या सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्यात, लिहितात त्यात दुरुस्तीची शेवटची पातळी काढून ती जागा चित्राला दिलेली असते. त्यामुळे साध्या डेटा सीडीला चालून गेला असता असा चरा इथे नडतो.

इथे आयसोबस्टर हे डिस्कमधून माहिती काढायचे सॉफ्टवेअर वापरले. डाव्या बाजूला चित्रपटाचा ट्रॅक निवडून उजव्या क्लिकने एम-टू-एफ-टू प्रकारच्या फक्त एमपीईजी फ्रेम गाळून काढायचा पर्याय घेतला. त्यातून वरचे वेष्टण उतरलेली साधी एमपीजी फाइल मिळते आणि ती कोणत्याही संपादकात उघडते. वाचता न आलेल्या सेक्टरच्या जागी तो रिकामी भर टाकून पुढे जाऊ देतो; पडद्यावर पाव-अर्धा सेकंद चौकटी उडतात, पण पुढचे सगळे शाबूत राहते. डीव्हीडीसाठी सांगितली जाणारी आयएसओ प्रतिमेची, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमध्ये प्रत करायची, पद्धत व्हीसीडीला चालत नाही, कारण ती २०४८ बाइटच्या सेक्टरवर बेतलेली असते आणि व्हीसीडीच्या चित्राचे सेक्टर त्यात बसत नाहीत. प्रतिमा बनल्यासारखी वाटते आणि आत चित्रपट नसतो.

मंडईची डीव्हीडी

सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. आजोबांची दंडार दुसरीकडे कुठेही नव्हती.

लॅपटॉपला जोडलेला बाहेरचा पातळ ड्राइव्ह आधी नुसताच टिकटिक करत राहिला. हा दोष डिस्कचा नव्हता. असे ड्राइव्ह फिरायला लागताना यूएसबी-२ च्या ठरलेल्या ५०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह ओढतात. दोन तोंडांची केबल लावून दुसऱ्या पोर्टमधूनही वीज दिली की काम होते. लांब एक्स्टेन्शन केबल मात्र लावू नये.

खराब डिस्कसाठी डीडीरेस्क्यू हे लिनक्समधले मोफत साधन सर्वांत भरवशाचे. लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली लॅपटॉपमध्ये बसवायची गरज नाही, पेनड्राइव्हवरून चालू होते. सेक्टरचा आकार २०४८ द्यायचा आणि पहिल्या फेरीत खराब जागा खरवडत न बसता जे सहज मिळते ते उचलायचे. मग दुसऱ्या फेरीत राहिलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न. कोणता भाग मिळाला आणि कोणता राहिला याची नोंद हे साधन एका छोट्या नकाशा-फाइलमध्ये ठेवते. ती नकाशा-फाइल दर वेळी तीच द्यायची, विसरायची नाही. लाइन गेली, बॅटरी संपली, तरी पुढच्या वेळी काम जिथे थांबले तिथून सुरू होते. आपल्याकडच्या भारनियमनात याची किंमत कळते. आणखी एक फायदा म्हणजे तीच नकाशा-फाइल आणि तीच अर्धवट प्रतिमा घेऊन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावता येते. एका ड्राइव्हला न दिसणारे सेक्टर दुसऱ्याला दिसतात, विशेषतः जुन्या डेस्कटॉपच्या पूर्ण आकाराच्या ड्राइव्हला. या घरात नातवाच्या ड्राइव्हवर शेवटचा पट्टा बराच राहिला होता. गावातल्या सेतू केंद्राच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये तीच डिस्क लावल्यावर त्यातला बहुतेक भाग भरून निघाला. उरलेल्या भागात दोन ठिकाणी चित्र क्षणभर फुटते, एवढेच.

आयएसओ तयार झाल्यावर ती मेकएमकेव्हीत उघडली. हे साधन व्हीओबीचे तुकडे डिस्कवरच्या सूचीनुसार जोडते आणि चित्र-आवाज न बदलता एका एमकेव्ही फाइलमध्ये ठेवते. दुकानातला सांध्याचा दोष इथे मुळातच टळतो. एक खोच आहे. दोन मिनिटांपेक्षा लहान शीर्षके हे साधन आपणहून वगळते. सेटिंगमध्ये किमान लांबी शून्यावर आणावी, नाहीतर हँडीकॅमच्या डिस्कवरचे छोटे-छोटे शॉट दिसणारच नाहीत.

छोटी, "कोरी" डिस्क

हँडीकॅममध्ये भरलेली डिस्क शेवटी फायनलाइज करावी लागते, तेव्हाच तिच्यावर सूची लिहिली जाते. ते राहिले की संगणक तिला रिकामी समजतो. ज्या कॅमेऱ्यात भरली त्याच्यातच फायनलाइज करावी असे सगळे सांगतात आणि ते बरोबरही आहे, पण आधी वाचून पाहावे, कारण फायनलाइज करणे म्हणजे डिस्कवर लिहिणे. बारा-पंधरा वर्षे पडून असलेला कॅमेरा लिहिता-लिहिता बंद पडला तर डिस्क कायमची अडकू शकते. इथे आयसोबस्टरला ट्रॅक दिसला आणि त्यातले शॉट काढता आले, कॅमेरा शोधायची वेळ आली नाही. या कामातल्या काही सोयींना आयसोबस्टरचा परवाना विकत घ्यावा लागतो. आठ सेंटिमीटरची डिस्क ट्रेमधल्या आतल्या गोल खाचेत बसते. तोंडातून ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती कधीच घालू नये, आत अडकते.

क्लिप निवडताना आधी आवाज

नातवाने निवड चित्र पाहून सुरू केली होती. या प्रकारच्या डिस्कमध्ये आवाज आधी ऐकावा. २००४ च्या लग्नाच्या व्हीसीडीवर स्टुडिओवाल्याने मिक्सिंग करताना वरातीवर, हळदीवर, जेवणावळीवर सिनेमाची गाणी चढवलेली होती. त्याखालचा मूळ आवाज पुसला गेला आहे. तो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. शिवाय अशी क्लिप इंटरनेटवर चढवली की गाण्यामुळे आवाज बंद केला जाऊ शकतो. मंगलाष्टके आणि सासरी निघतानाचा प्रसंग मात्र मूळ आवाजात होता. लग्नातून तेवढेच दोन तुकडे घेतले. गाणे चढवलेल्या भागातून पणजीचा चेहरा दिसतो ते काही सेकंद घेऊन आवाज बंद केला आणि त्याखाली दंडारीतली ढोलकी सरकवली.

मंडईचा आवाज भोंग्यावरचा, फाटका. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही, तो कमी ठेवला की कानाला सुसह्य होतो. दंडारीतल्या गाण्याचे एक पूर्ण कडवे न तोडता घ्यावे, असा आमचा आग्रह राहील. पाच-पाच सेकंदांचे तुकडे जोडले की दंडारीचा ठेका मोडतो आणि ती पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या ते लगेच लक्षात येते.

न बदलता कापायचे असेल तर एव्हीडीमक्स या संपादकात चित्र-आवाज दोन्ही "कॉपी" ठेवून कापता येते. मात्र काप मुख्य फ्रेमवरच, म्हणजे जिच्यात पूर्ण चित्र असते तिच्यावरच, पडतो. पाल डीव्हीडीत ती जास्तीत जास्त १५ फ्रेमनंतर, म्हणजे ०.६ सेकंदात येतेच. म्हणून हव्या त्या जागेच्या दोन सेकंद आधी आणि दोन सेकंद नंतर कापावे, नेमका काप संपादनात घ्यावा. प्रत्येक क्लिपच्या नावात डिस्क आणि मिनिट लिहावे: "मंडई-२००९_४७मि_गण". महिनाभराने "क्लिप-३" म्हणजे काय, कोणालाच आठवत नाही.

रूपांतर

हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये एमकेव्ही क्लिप उघडून लावलेली मांडणी अशी. एन्कोडर एच-२६४, स्थिर गुणवत्ता, आरएफ १८. डीइंटरलेसमध्ये, म्हणजे फील्ड सोडवण्याच्या रकान्यात, बीडब्ल्यूडीआयएफ आणि त्याचा "बॉब" पर्याय. फ्रेमदर ५० आणि "कॉन्स्टंट". बॉबमुळे दोन्ही फील्डच्या स्वतंत्र फ्रेम होतात आणि नाचाची मूळ गती राहते. साध्या पर्यायात २५ फ्रेम मिळतात. भाषणाला ते चालते, दंडारीतली गिरकी अडखळते. कडा कापण्याचा आपोआप पर्याय बंद करावा, नाहीतर अंधाऱ्या शॉटमध्ये तो प्रत्येक क्लिपचा आकार वेगळा करून ठेवतो. चित्र ७६८ × ५७६, चौकोनी पिक्सेल. आवाज एएसी, १९२ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ. डीव्हीडीतला एसी-३ आवाज पुष्कळ मोबाइल संपादकांत उघडत नाही आणि क्लिप मुकी दिसते. "आवाजच गेला" ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यावरच मिटते.

मंडईच्या क्लिपमध्ये बॉब लावल्यावर हात पुढे-मागे थरथरायला लागले. असे दिसले की फील्डचा क्रम उलटा आहे असे समजावे. टेपवरचे डीव्ही चित्रीकरण खालच्या फील्डपासून सुरू होते, डीव्हीडी सहसा वरच्या. स्टुडिओत डिस्क बनवताना ही खूण चुकीची लागली होती. डीइंटरलेसच्या "कस्टम" रकान्यात क्रम हाताने सांगितल्यावर हालचाल सरळ झाली. पूर्ण क्लिप करण्याआधी जोरदार हालचालीचे दहा सेकंद घेऊन हे तपासावे. हँडब्रेकमध्ये सुरुवात-शेवट सेकंदात देता येतात.

व्हीसीडीला डीइंटरलेस लावायचे नाही. तिच्यात मुळात २८८ च ओळी आहेत, दुसरे फील्ड बनवतानाच टाकून दिलेले आहे. लावले तर उरलेली स्पष्टताही जाते. तिचे चित्र ३८४ × २८८ च्या प्रमाणात धरावे. तळाशी थरथरणारी पट्टी दिसते ती मूळ व्हीएचएस कॅसेटची, संपादनात आठ-दहा ओळी झाकल्या की जाते. "फोर-के करून देतो" म्हणणाऱ्या ॲपच्या नादी लागू नये. व्हीसीडीतल्या चेहऱ्यात नसलेला तपशील ते स्वतःच्या मनाने रंगवतात, आणि इथे तो चेहरा घरच्या माणसाचा आहे.

जोडणी आणि पेनड्राइव्ह

संपादन शॉटकट या संपादकात, ७२०पी ५० फ्रेमच्या मांडणीत झाले. ४:३ चे चित्र मध्ये ९६० पिक्सेल रुंद बसते आणि दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहते. ती राहू द्यावी. आजीची नवी मुलाखत मोबाइलवर घेतली होती. मोबाइलचा फ्रेमदर ३० च्या आसपास हलता असतो आणि लांब मुलाखतीत ओठ-आवाज सरकतात, म्हणून तीही हँडब्रेकमधून "कॉन्स्टंट" करून घेतली. आवाजाची पातळी क्लिपगणिक फार वेगळी होती. दोन फेऱ्यांचा नॉर्मलाइज फिल्टर लावून सगळ्या उणे १६ एलयूएफएसला (आवाजाच्या मोठेपणाचे माप) आणल्या.

शेवटची फाइल एच-२६४ एमपी-फोर. टीव्ही आणि प्रोजेक्टरला एफएटी-३२ चा पेनड्राइव्ह सर्वांत बिनधोक. त्यात ४ जीबीची मर्यादा आहे, पण बारा मिनिटांची फिल्म तिच्या जवळपासही जात नाही. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता "डॉक्युमेंट" म्हणून पाठवली. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती पुन्हा दाबली जाते आणि आधीच मऊ असलेले व्हीसीडीचे चित्र लापशी होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ज्या प्रोजेक्टरवर दाखवायची त्यावरच, जनरेटरच्या लाइनवर, एकदा पूर्ण लावून पाहिली.

आयएसओ, एमपीजी, नकाशा-फाइल आणि शॉटकटचा प्रकल्प मिळून १५ जीबीच्या आत बसले. त्याची एक प्रत घरच्या बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि दुसरी नागपूरला राहणाऱ्या मुलीकडे ठेवली. मूळ डिस्क फेकल्या नाहीत. कडक डब्यांत घालून त्या टिनाखालच्या आलमारीतून काढल्या आणि कवेलूच्या खोलीत, धानाच्या कोठीच्या ओलीपासून दूर, उभ्या ठेवल्या.